बंगळुरात जाऊन भाकरी कशाला शोधता?

खडेबाजार

दर दोन-तीन महिन्यांनी कामासाठी बंगळूरला जावं लागतं, वीसेक वर्षं झाली आता. रात्री बेळगावातून बस धरायची, पहाटे मॅजेस्टिकला उतरायचं, दिवसभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि रात्री परत. परवा गल्लीतला एक पोरगा पहिल्यांदाच तिकडं मुलाखतीला निघाला होता. त्यानं विचारलं, "काका, तिकडं आपल्यासारखं जेवण कुठं मिळतंय?" म्हटलं, अरे मर्दा, पाचशे किलोमीटर जाऊन आपल्यासारखंच जेवायचं तर आईकडनं डबा घे की.

माझं म्हणणं एवढंच, आणि पटत नसेल त्यानं खाली भांडावं: बंगळुरात आपल्या चवीचं शोधणं बंद करा. 'उत्तर कर्नाटक स्पेशल' अशी पाटी दिसली की आपल्या माणसाचे पाय आपोआप वळतात. एकदा माझेही वळले. भाकरी आली ती सकाळी थापून ठेवलेली. वाकवायला गेलो तर मोडली. झुणक्यात साखर. साखर हो! शेंगाची चटणी चमचाभर, तीही दोनदा मागितल्यावर. पैसे दिले आणि बाहेर येऊन केळी खाल्ली.

त्या शहराचा हात बसलाय तो सकाळच्या खाण्यावर. दहाच्या आत जे पोटात जाईल ते खरं. शंकरपुरमचं ब्राह्मिन्स कॉफी बार घ्या. 1965 पासून आहे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, कॉफी, की संपला मेनू. सांबार नाही. रुसून बसलात तरी नाही, कारण करतच नाहीत. पण चटणी लागेल तेवढी. ताटली घेऊन परत गेलं की वरनं पळीभर ओततात, इडलीची बेटं होतात. उभ्यानं खायचं, रस्त्याकडं तोंड करून. पहिल्या वेळी मला वाटलं माझं सांबार द्यायला विसरले, पाच मिनिटं वाट बघत उभा होतो. आता इथं कुठं सांबारात बुडवून ठेवलेली इडली समोर आली की कीव येते तिची.

गांधी बझारचं विद्यार्थी भवन 1943 चं. डोसा जाड, बाहेरून कडक आणि तांबूस. वाढपी डोशाच्या ताटल्यांची उतरंड एका हातावर रचून टेबलांमधून असा येतो की आपणच श्वास धरतो. शुक्रवारी बंद असतं. मी दोन वेळा शुक्रवारीच गेलोय. मल्लेश्वरमच्या सीटीआरला 'श्री सागर' अशी पाटी दिसली म्हणून मागं फिरू नका, तेच ते. तिथला लोणी डोसा खा. लालबाग रोडचं एमटीआर 1924 पासून चाललंय, म्हणजे आपल्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेच साल. रवा इडली त्यांची. महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्यावर भागवलं आणि ते टिकलं. (आपल्या दुकानातला पाकीटवाला एमटीआर मसाला वेगळा. ती कंपनी 2007 मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्लानं घेतली. हॉटेल घराण्याकडंच राहिलं.)

एक सावधगिरी. तिकडं 'भात' म्हटला की तांदूळच येईल असं नाही. खारा भात म्हणजे आपलं उप्पीट, केसरी भात म्हणजे शिरा, दोन्ही एका ताटलीत म्हणजे चौ-चौ भात. माझा मेहुणा ताटली बघून वाढप्याला म्हणाला होता, "भात कधी येणार?"

दुपारी मिलिटरी हॉटेल, म्हणजे मटणाची खानावळ. रात्रीचं विचारू नका, रात्री मी बसमध्ये असतो.

जयनगर_पीजी

काका, तुम्ही दोन महिन्यांतून एकदा येता, म्हणून तुम्हाला हे सगळं गोड लागतं. मी मूळची खानापूरची, चार वर्षं इथं आहे. पाहुण्यानं गाव खाणं वेगळं आणि गावात राहून खाणं वेगळं. रोज सकाळी लोणी डोसा खाऊन बघा, महिन्यात डॉक्टर शोधत फिराल.

आमच्या पीजीत पहिले सहा महिने संध्याकाळी भात-सांबार, आणि सांबारात गूळ. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, जेव गपचूप. मग ऑफिसातल्या विजापूरच्या मैत्रिणीनं एक खानावळ दाखवली. वरच्या मजल्यावर, पाटी नाही, जिन्यात चपलांचा ढीग, तीच खूण. बागलकोटकडची बाई आहे. जिना चढतानाच भाकरी थापल्याचा आवाज येतो, थप थप, आणि मग तव्यावर टाकली की पाण्याचा हात फिरवल्याचा चुर्र. भाकरी टोपलीत जातच नाही, तव्यावरनं थेट ताटात. एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं, मोड आलेली मटकी, कच्ची मेथी, कांदा, दही, आणि शेंगाची चटणी ताटात डोंगरासारखी. पहिल्या दिवशी मला रडू आलं. हसा पाहिजे तर.

तुम्ही चुकीच्या जिन्यानं चढलात, त्याची शिक्षा भाकरीला कशाला?

आणि दुसरं. तुमचं 'त्या शहराचं खाणं' कुठलं हो? एमटीआर काढणारे मय्या उडुपीकडचे. डोसा-इडलीची निम्मी हॉटेलं किनाऱ्यावरनं आलेल्या लोकांनीच काढलेली. त्यांनी आपली चव गाठोड्यात बांधून आणली, ती शंभर वर्षांत 'बंगळूरची' झाली. बागलकोटच्या बाईनं आणली की ती मात्र 'आपल्या चवीचं शोधणं'?

दुसरं_गेट

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के. काका, याचं उत्तर द्या.

मुठेकाठचा_बेळगावकर

दोघंही कशाला तिकडं तडफडताय? खाण्यासाठी शहर म्हणजे पुणं. बेळगावहून साडेतीनशे किलोमीटरच्या आत, भाषा आपली, मेनू वाचता येतो. बेडेकरांची मिसळ, बादशाहीची थाळी, गुडलकचा बनमस्का. आणि वैशालीत रविवारी सकाळी जाऊन बसा, डोसा खाताना सगळं पुणं समोरून जातं.

खडेबाजार

@मुठेकाठचा_बेळगावकर, म्हणजे डोसा खायला पुण्याला जायचं आणि ज्यांनी वैशाली नावारूपाला आणली ते जगन्नाथ शेट्टी कुठले? कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे. तुम्ही रांगेत उभं राहून आमच्याच राज्यातलं खाताय, वर मराठी मेनूचं कौतुक. बाकी मिसळीसाठी पुण्यापर्यंत जायची गरज नाही, वाटेत कोल्हापूरला उतरायचं.

@जयनगर_पीजी, मुद्दा लागला. शेट्टी-मय्यांचं तू म्हणतेस ते मी आत्ताच पुणेकराला ऐकवलं, म्हणजे माझ्याच फासात माझा पाय. पण मी विचारणाऱ्या पोराला उत्तर देत होतो. तो दोन दिवस जाणार. त्याला चार वर्षांचा जिना कसा सापडायचा? त्याला सापडणार ती पाटीवालीच खानावळ, आणि तिथली भाकरी मोडणारच.

अनगोळची_काकू

मला यातलं एक कळत नाही, ते उभ्यानं खायचं. दर्शिनी म्हणतात म्हणे तिकडं. माझा लेक तिकडं असताना मला घेऊन गेला होता. आधी काउंटरवर चिठ्ठी घ्या, मग ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या खिडकीवर उभे राहा, ताट घेऊन छातीएवढ्या उंच टेबलाशी जा. एका हातात ताट, एका हातात पर्स, पाणी घ्यायला तिसरा हात कुठला? गुडघे दुखतात माझे. शेवटी बाहेर पायरीवर बसून खाल्लं, तर लेक लाजला.

इडली मात्र चांगली होती, ते खोटं का बोलू. मऊ. पण खाणाऱ्याला बसायला न देणारं शहर माझ्या मनातून उतरलं.

जयनगर_पीजी

काकू 😀 दर्शिनी हा प्रकार 1983 च्या सुमारास याच जयनगरात सुरू झाला म्हणतात. बसायला खुर्ची नाही म्हणून माणूस दहा मिनिटांत निघतो, म्हणून जागा कमी लागते, म्हणून इडली स्वस्त पडते. तुमच्या गुडघ्यांच्या पैशात आमचा नाष्टा निघतो असं समजा. पुढच्या वेळी या, बसायला देणाऱ्या ठिकाणी नेते. बाय-टू कॉफी घेऊ, निम्मी तुम्हाला निम्मी मला.

शहापूर_मटण

मिलिटरी हॉटेलचा विषय एका ओळीत उडवलात, ते बरं नाही केलं. बंगळूरच्या जुन्या मिलिटरी हॉटेलांत मराठ्यांनी काढलेली बरीच आहेत. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल नावावरनंच कळतंय. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांकडं जहागीर होतं, तेव्हापासून आपली माणसं तिकडं आहेत. तिथल्या मराठ्यांच्या घरात आता निम्मं कन्नड बोलतात, पण मटण सोडलं नाही.

दोन्ने बिर्याणी म्हणजे पानाच्या द्रोणात दिलेली बिर्याणी. तांदूळ बारीक, रंग हिरवट, पुदिना-कोथिंबिरीचा वास. केशर नाही, तळलेल्या कांद्याचा थाटमाट नाही. गरम द्रोणाचा म्हणून एक वास भाताला लागतो, तो घरी कितीही करा, येत नाही.

आता माझी तक्रार. तिखट कमी. आम्ही संकेश्वरी मिरचीच्या चटणीवर वाढलेले. पहिल्या घासाला मी वाढप्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि न सांगता मिरच्या आणून ठेवल्या. "कोड्री", म्हणजे द्या, म्हटलं होतं मी, त्या 'री'वरनं त्याला कळलं की हा हुबळीच्या पलीकडचा.

मुठेकाठचा_बेळगावकर

बिर्याणीत शहाजीराजांना कशाला घालताय. आणि मुळात, सीमाभागातल्या मराठी माणसानं बंगळूरच्या हॉटेलांची जाहिरात करावी, याचं नवल वाटतं. तिकडं आपल्या पाट्या काढायला लावतात आणि इथं आपण डोशाची आरती.

दुसरं_गेट

झालं. 1956 चा सीमावाद आला ताटात. दादा, खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तो तिथंच राहू दे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम आल्यापासून मलाही त्रास आहे, माझंच दुकान आहे. पण पोराला मुलाखतीला बंगळूरला जायचंय, त्याला भूक लागणार, तो काय कोर्टाच्या निकालापर्यंत उपाशी राहणार?

आणि बेळगावात तरी तुम्ही काय खाता? सकाळी मिरची भजी, दुपारी भाकरी, संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट. सगळं अलीकडचं-पलीकडचं मिसळलेलं. धारवाडचा पेढा सोडलाय काय कधी?

खडेबाजार

@शहापूर_मटण, चूक कबूल. मी लिहायला कंटाळलो होतो. आणखी एक राहिलं, 'मुद्दे' नावाचं तिकडचं खाणं. नाचणीचा गोळा, वाफाळलेला, मुठीएवढा. मी पहिल्यांदा घास चावला. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा हात धरला, म्हणाला चावायचं नाही. बोटांनी तुकडा तोडायचा, साऱ्यात म्हणजे पातळ रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा. चावलं की दातांना चिकटतं आणि दिवसभर जीभ फिरवत बसावं लागतं. मी दिवसभर फिरवली. पण मटणाच्या साऱ्याबरोबर ते गिळायला जमलं की दुपारी चारपर्यंत भूक नाही. भाकरी शोधणाऱ्यानं एकदा हे करून बघावं.

@जयनगर_पीजी, त्या जिन्याचा पत्ता दे बघू. उगाच हट्ट म्हणून सोडून देत नाही मी.

जयनगर_पीजी

नाही देणार. तुम्ही इथं लिहाल, मग रांग लागेल, मग भाकरी सकाळी थापून ठेवतील. येताना आपल्या बेळगावचा गोड कुंदा आणा, मी स्वतः घेऊन जाते. आणि जानेवारीत या, व्हीव्ही पुरमच्या तिंडी बीदीजवळ, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीजवळ, पावट्याची जत्रा असते, अवरेकाई मेळा म्हणतात. डोशात पावटा, उसळीत पावटा, जिलबीतसुद्धा. आपल्याकडची पावट्याची आमटी आठवेलच तुम्हाला, म्हणजे परत आपल्या चवीचं शोधायला लागाल.

अनगोळची_काकू

ते राहू दे सगळं. तो गल्लीतला पोरगा गेला काय मुलाखतीला? काय खाल्लं त्यानं?

खडेबाजार

जाऊन आला परवा. मी यादी लिहून दिली होती, वेळा घालून, शुक्रवारसुद्धा टाळला होता. सकाळी बस उशिरा पोचली, मुलाखत दहाला, नाष्टा राहिला. दुपारी तिथल्याच कँटीनमध्ये चपाती-भाजी. संध्याकाळी मॅजेस्टिकला गाडीवर गोबी मंच्युरी खाल्ली, तीही दोन प्लेट. म्हणतो, "काका, भारी होती, पण लाल नव्हती." 2024 मध्ये सरकारनं रंग बंद केला, त्याला ठाऊकच नाही.

आईनं दिलेला भाकरीचा डबा तसाच परत आणला.

अनगोळची_काकू

डबा तसाच? नोकरी लागली काय पण?

खडेबाजार

कळवतो म्हणालेत.