सल्ला हवा: १६३० साली अमेरिकेत आलेल्या पूर्वजापर्यंत वंशावळ कशी जोडायची?

ओहायोवासी: नमस्कार मंडळी. आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो. माझ्या अमेरिकन सासूबाईंचं घराणं मूळ कनेटिकटमधल्या विंडसर गावचं. पहिला पुरुष १६३० मध्ये 'मेरी अँड जॉन' जहाजातून आला, असं त्या नेहमी सांगतात. पुरावा काय, तर कुणा आत्याने टाइप केलेली पाच पानं, आणि त्यात संदर्भ एकही नाही. त्यांच्या पंचाहत्तरीला हे सगळं नीट बांधून द्यायचा विचार आहे. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत आहे, पान उघडलं की माणूस सापडतो. इथे सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. जहाजाची प्रवासी यादी कुठे मिळेल? डीएनए चाचणी करावी का? आणि कुठे १६२९ लिहिलेलं दिसतं, कुठे १६३०, हा काय प्रकार आहे?

जुने_कागद: यादीच्या मागे लागू नका, मूळ यादी शिल्लकच नाही. नेटवर फिरतात त्या सगळ्या नंतरच्या लोकांनी अंदाजाने जुळवलेल्या, म्हणून एकीत असलेलं नाव दुसरीत नसतं. पक्कं ठाऊक आहे ते इतकंच: जहाज २० मार्चला इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून सुटलं, ३० मेला बॉस्टनजवळ नॅनटास्केटला लागलं, त्या मंडळींनी डॉर्चेस्टर वसवलं आणि त्यातले बरेच जण १६३५-३६ च्या सुमारास विंडसरला गेले.

सालाचा घोळ सोपा आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे २० मार्चला त्यांच्या लेखी १६२९ च चालू होतं. वहीत '१६२९/३०' असंच उतरवा.

पूर्वजाबद्दल वाचायचं तर रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचा 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्प बघा. १६२० ते १६३५ या काळात न्यू इंग्लंडला आलेल्या एकेका माणसाची टिपणं, प्रत्येक विधानाला कागदाचा आधार. बॉस्टनच्या १८४५ साली स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेच्या 'अमेरिकन अँसेस्टर्स' या साइटवर आहे. वर्गणी पडते, पण तुमच्या गावच्या लायब्ररीत आधी विचारा.

मात्र १६३० चं टोक हे सगळ्यात सोपं काम आहे, ते शंभर लोकांनी करून ठेवलंय. सासूबाईंपासून मागे जा. १८५० च्या जनगणनेत प्रथमच घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव आलं. १७९० ते १८४० च्या जनगणनांमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे. दोरा बहुतेक तिथेच तुटतो.

ओहायोवासी: अगदी तिथेच तुटलाय! ओहायोत आलेला माणूस, जन्म १८०५, जन्मस्थळ 'न्यूयॉर्क', बस. त्याच्या वरच्या ओळीत एकदम विंडसरमधला बाप.

जुने_कागद: तो बाप कदाचित सारख्या नावाचा भलताच कुणी असेल. एकाच गावात एका नावाचे तीन-तीन चुलतभाऊ असायचे. न्यूयॉर्क राज्यात जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १८८० च्या आसपास सुरू झाली, त्यामुळे दाखला मिळायची आशा सोडा. जमिनीचे दस्त आणि वारसाची कागदपत्रं धरा. कनेटिकटमध्ये दस्त जिल्ह्याकडे नसतात, गावाच्या दप्तरात असतात. बाप विंडसरला वारला की न्यूयॉर्कला गेलेला मुलगा आपला हिस्सा विकतो आणि दस्तात 'आता राहणार अमुक काउंटी' असं लिहितो. असा एक कागद मिळाला तर तुमचं निम्मं काम झालं.

'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या साइटवर खातं फुकट आहे. तिथला फुल-टेक्स्ट शोध हल्ली हस्तलिखित दस्तांच्या आतली नावंही शोधतो, साक्षीदारांची आणि शेजाऱ्यांचीसुद्धा. आडनाव चार प्रकारे लिहून बघा.

प्रयोगवही: डीएनएचं सांगते. बारा पिढ्या मागे ४०९६ पूर्वज होतात, त्यातल्या एकाचा माग चाचणीतून लागणार नाही. वाय-डीएनए फक्त बाप-मुलगा अशा सरळ रेषेत चालतो, तुमची रेष मुलींमधून गेलेली असेल तर तोही बाद. पण १८०५ च्या माणसासाठी आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए बघणाऱ्या साध्या चाचणीचा उपयोग होऊ शकतो. त्याच्या भावंडांचे आजचे वंशज जुळले तर आईबापांचा अंदाज येतो. नमुना सासूबाईंचा घ्या, मिस्टरांचा नको. त्या एक पिढी जवळ आहेत.

हार्टफर्डचा_पाहुणा: विंडसरच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. मॅथ्यू ग्रँट हा गावाचा सुरुवातीच्या काळातला कारकून, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचा पूर्वज. त्याने जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी फार चिकाटीने ठेवल्या. कनेटिकटच्या गावोगावच्या १८५० पर्यंतच्या नोंदी 'बार्बर कलेक्शन'मध्ये वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत, हार्टफर्डच्या स्टेट लायब्ररीत मूळ संच आहे. स्टाइल्स नावाच्या लेखकाचा विंडसरचा जुना दोन खंडांचा इतिहासही बघा, पण धागा मिळवण्यापुरता, पुरावा म्हणून नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंझू नावाचा गृहस्थ श्रीमंतांना पैसे घेऊन बनावट वंशावळी विकायचा. त्याचा माल अजून ऑनलाइन वंशवृक्षांमधून फिरतोय.

शेवंता: अजून एक राहिलं. १८०५ वाल्याचा आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात होता का? १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी सैनिकांना पेन्शन मिळालं, १८३६ पासून बऱ्याच विधवांना. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून कित्येक जणींनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून अर्जाला जोडलंय. या फायली मला कुठल्याही वंशवृक्षापेक्षा वाचनीय वाटतात.

आणि एक मनाची तयारी ठेवा. वारसाच्या कागदपत्रांतल्या मालमत्तेच्या यादीत गाई, कथलाची भांडी यांच्या ओळीत गुलाम माणसंही किंमतीसकट लिहिलेली सापडू शकतात. कनेटिकटमध्ये गुलामगिरी पूर्ण संपली ती १८४८ मध्ये. ते पुस्तकातून गाळू नका, त्या माणसांच्या वंशजांना तेवढीच एक ओळ हाती लागते.

ओहायोवासी: खूप आभार सगळ्यांचे. नाहीच जुळलं तर पंचाहत्तरीला काय देऊ?

जुने_कागद: १८०५ पर्यंतचं पक्कं बांधा. त्याच्या वर जे दोन-तीन संभाव्य बाप निघतील ते वेगळ्या प्रकरणात, कुणाच्या बाजूने कोणता कागद आहे यासकट. आत्याची पाच पानं परिशिष्टात घाला, जशीच्या तशी.