मदत हवी आहे: विशेष शाळेतील मदतनिसांना नोंदणीकृत विशेष शिक्षक करायचे आहे, सुरुवात कुठून करावी?

वहीपान (धागाकर्ती)

नमस्कार. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका अनुदानित विशेष शाळेसाठी माहिती हवी आहे. शाळेत चार मदतनीस ताई आहेत. मुलांना शौचाला नेणे, भरवणे, बसमधून चढवणे-उतरवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. वर्गशिक्षिका रजेवर असली की वर्गही त्याच सांभाळतात. चौघींनाही विशेष शिक्षक व्हायचे आहे आणि व्यवस्थापन पाठीशी आहे.

त्यांचे शिक्षण असे:
१. बारावी, ५८ टक्के
२. बारावी, ४६ टक्के
३. फक्त दहावी
४. बी.ए., ५२ टक्के

इतक्या वर्षांच्या अनुभवावर थेट नोंदणी मिळते का? नोकरी चालू ठेवून अभ्यासक्रम करता येतो का? संस्था खरी आहे हे कसे ओळखायचे? आणि शाळेने आपल्या बाजूने नेमके काय करावे? 'त्यांना शिकू द्या' एवढ्यावर विषय संपत नाही, हे कळते आहे.

---

शंखपुष्पी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अनुभवावर शिक्षक म्हणून नोंदणी मिळत नाही, मग तो पंधरा वर्षांचा असला तरी. भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय. तिच्या १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेने मान्य केलेली अर्हता हवी आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव हवे. त्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करणे कलम १३ चा भंग ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणून शिक्षिका नसताना ताई वर्ग 'सांभाळतात' तेव्हा कागदोपत्री त्या दिवसाची जबाबदारी दुसऱ्या नोंदणीकृत शिक्षिकेच्या नावावर असू द्या.

आता चौघींचे.

५८ टक्केवाल्या ताईंचा रस्ता मोकळा आहे. डी.एड. विशेष शिक्षण हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, त्याला बारावी ५० टक्के लागतात, शाखा कोणतीही चालते. बी.ए. ५२ टक्केवाल्या बी.एड. विशेष शिक्षणाला पात्र आहेत.

४६ टक्के असलेल्या ताईंची आधी जातीची कागदपत्रे पाहा. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांच्या अटीत सवलत असते, तेव्हा त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपत्रकातला आकडा बघा. सवलत लागू होत असेल तर प्रश्न तिथेच सुटू शकतो, फक्त जातीचा दाखला अर्जाच्या तारखेला हातात हवा. खुल्या प्रवर्गातल्या असतील तर जुन्या बारावीच्या मागे लागू नका. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना उत्तीर्ण झाल्यानंतरच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते, इतक्या वर्षांनी ती मिळणार नाही. त्यापेक्षा मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावे, ५० टक्क्यांच्या वर, आणि मग बी.एड. वेळ जास्त लागतो, पण बी.ए. तरी नोकरी सांभाळून होते.

दहावीवाल्या ताईंनी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, बारावी करावी. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर), एका प्रवेशावर पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येते. घर आणि नोकरी दोन्ही असलेल्या बाईला ही सोय १७ नंबरच्या फॉर्मपेक्षा, म्हणजे राज्य मंडळाला बाहेरून बसण्यापेक्षा, बरी पडते. पण त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की नुसते पास होऊन भागणार नाही, ५० टक्के हवेत. 'एकदाची बारावी झाली' म्हणून ४२ टक्क्यांचा निकाल घेऊन येणारे बरेच जण पुढे तिथेच अडतात.

---

तिठा

+१. एक भर घालते. काळजीवाहकांसाठी आरसीआयचा वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो चांगला आहे, पण त्यातून होणारी नोंदणी काळजीवाहक म्हणूनच होते. शिक्षकपदाची ती पायरी नाही, पुढच्या पदविकेत त्याचा कालावधीही वजा होत नाही. काही ठिकाणी 'आधी हा करा, मग शिक्षक व्हाल' असे सांगून प्रवेश देतात. तसे होत नाही.

---

गवतफूल

नोकरीच्या प्रश्नावर स्पष्ट बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

डी.एड. विशेष शिक्षण हा पूर्णवेळ, नियमित अभ्यासक्रम आहे. हजेरीची अट कडक आहे आणि सराव पाठ, व्यक्तिअभ्यास, निरीक्षणे यांत दिवस जातो. शाळेचा आणि अभ्यासक्रमाचा वेळ साधारण एकच. मग 'अॅडजस्ट' केले जाते. ताई शाळेच्या मस्टरवरही सही करतात आणि अभ्यासकेंद्राच्या हजेरीपटावरही. दोन वर्षे कोणी काही म्हणत नाही. नंतर पदाला मान्यता मागताना अनुभवाचा दाखला आणि पदविकेची गुणपत्रिका शेजारीशेजारी ठेवली जाते आणि दोन्हींतल्या तारखा एकच निघतात. मग अनुभव तरी खोटा ठरतो किंवा पदविका तरी. सही करणाऱ्या मुख्याध्यापकांवरही येते.

सरळ मार्ग असा. शाळेने ठराव करून दोन वर्षांची बिनपगारी रजा द्यावी. पद अनुदानित असेल तर जिल्हा कार्यालयाची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी. रजेच्या काळात त्या जागी तात्पुरती मदतनीस नेमावी. व्यवस्थापन जी आर्थिक मदत करणार आहे ती पगार म्हणून न देता शिष्यवृत्ती म्हणून, धनादेशाने आणि ठरावासह द्यावी. फी एकरकमी भरण्यापेक्षा दरमहा घरखर्चाला हातभार लावलेला जास्त उपयोगी पडतो. अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतो तो बहुधा महिन्याचे पैसे थांबल्यामुळे, फी न भरल्यामुळे सुटणाऱ्या कमी.

चौघींना एकदम पाठवू नका. शाळा चालणार नाही, आणि दुसऱ्या वर्षी पहिलीच्या अनुभवाचा फायदा पुढचीला मिळतो.

---

वहीपान

दोन मस्टरचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. हाच 'अॅडजस्ट'चा सल्ला एका ठिकाणाहून मिळाला होता.

संस्था तपासण्याबद्दल कोणी सांगेल का? चौकशी केली तेव्हा तिन्ही ठिकाणी 'आम्ही आरसीआय मान्यताप्राप्त' असेच उत्तर आले.

---

शंखपुष्पी

मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला असते, ठरावीक सत्रांपुरती असते आणि ठरावीक जागांपुरती असते. म्हणून तीन गोष्टी मागा.

मान्यतापत्राची प्रत. त्यावर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, कोणत्या शैक्षणिक वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि किती जागा, हे लिहिलेले असते. ताईंचा प्रवेश ज्या सत्रात होणार ते सत्र त्या कालावधीत बसले पाहिजे. 'नूतनीकरणाचा प्रस्ताव गेला आहे' म्हणजे आज मान्यता नाही.

परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार, अभ्यासक्रमवार यादी असते. पत्र आणि यादी जुळवा.

प्रवेशानंतर परीक्षा मंडळाचा नावनोंदणी क्रमांक. पदविकांच्या परीक्षा राष्ट्रीय मंडळ घेते, संस्था घेत नाही. हा क्रमांक पहिल्या काही महिन्यांत मिळाला नाही तर ताबडतोब विचारा. जागांपेक्षा जास्त मुले घेतली असतील तर वरच्यांचे क्रमांक येत नाहीत आणि ते परीक्षेच्या तोंडावर कळते.

आणि हे विसरू नका: पदविका दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार असते. तुमची शाळा बौद्धिक दिव्यांग मुलांची आहे, तर बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व हाच प्रकार हवा. घराजवळ आहे म्हणून श्रवणदोषाची पदविका घेतली तर ती कर्णबधिर शाळेत चालेल, तुमच्या शाळेच्या पदाला लागू होणार नाही.

तीन-सहा महिन्यांचे 'शॅडो टीचर', 'अध्ययन अक्षमता तज्ज्ञ' असे कोर्स शिकायला उपयोगी असतीलही. पण त्यांच्यावर सीआरआर नोंदणी होत नाही.

---

चाफेकळी

बी.ए. झालेल्या ताईंनीही डी.एड.च करावे असे मला वाटते. विशेष शाळेतली बरीचशी पदे पदविकेच्या पातळीवरची असतात आणि पदविकेत मुलांबरोबरचे प्रात्यक्षिक भरपूर असते.

---

गवतफूल

याच्याशी अर्धी सहमत. पद पदविकेचे असेल तर पदविका पुरते, पण बी.एड.ने माध्यमिकची दारेही उघडतात. उलट बाजूही आहे: सामान्य शाळांत १ली ते ५वीच्या शिक्षकपदासाठी नुसते बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. ताईंना लहान मुलांतच राहायचे असेल तर चाफेकळी म्हणतात ते योग्य. हा निर्णय ताईंनी घ्यावा, शाळेने आपल्या रिकाम्या जागेकडे बघून घेऊ नये.

---

तिठा

कागदांवर चर्चा छान झाली. शाळेने काय करावे, या प्रश्नाकडे वळते, कारण प्रवेश मिळाल्यावर मदतनीस जिथे अडखळतात ती जागा वेगळीच आहे.

त्यांचे हात मुलाला ओळखतात. कोणत्या मुलाला कोणत्या बाजूने धरायचे, घास कुठे अडकतो, रडणे दुखण्याचे की हट्टाचे, हे त्यांना पदवीधर प्रशिक्षणार्थींपेक्षा जास्त कळते. अडचण अशी की मदतनिसाचे काम मुलासाठी करण्याचे असते आणि शिक्षिकेचे काम हळूहळू न करण्याचे. बटण लावून देणारा हात मागे घेणे ही त्यांच्यासाठी सर्वांत अवघड शिकवण. मूल रडले की तो हात आपोआप पुढे जातो.

याची तयारी प्रवेशाच्या आधी सहा महिने शाळेतच करता येते. एक कौशल्य घ्या, उदाहरणार्थ हात धुणे. ताईंकडून त्याच्या पायऱ्या लिहून घ्या: नळाशी जाणे, बाही वर करणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळवे चोळणे, हातांची मागची बाजू चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. पहिल्या खेपेला त्या चारच पायऱ्या लिहितील. मग मुलाला प्रत्यक्ष नळाशी उभे करा, बाकीच्या पायऱ्या त्यांच्याच तोंडून येतील.

पुढे प्रत्येक पायरीपुढे मूल ती कशाच्या आधाराने करते ते लिहायचे: हात धरून, खुणेने, सांगून की आपणहून. आठवड्यातून तीन दिवस, तोच तक्ता. शेवटच्या पायरीपासून मागे शिकवायचे असेल तर पुसणे आधी मुलाला स्वतः करू द्यायचे, मग नळ बंद करणे, असे उलट यायचे. काम पूर्ण केल्याचे समाधान मुलाला रोज मिळते, म्हणून हा क्रम गंभीर दिव्यांगत्व असलेल्या मुलांत चांगला चालतो.

आणि भाषा. 'सुधारणा आहे', 'आता बरे करतो' ही वाक्ये वहीतून काढून टाकायला लावा. 'सांगितल्यावर पाचपैकी चार वेळा नळ स्वतः बंद करतो' असे लिहायचे. वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमातले उद्दिष्ट म्हणजे हेच वाक्य, फक्त तारखेसह. प्रात्यक्षिकाचे गुण जातात ते बहुतेक अशा लिखाणात, मुलाला हाताळण्यात नाही.

मूल्यमापनाच्या तक्त्यांची ओळखही आधीच होऊ द्या. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिममध्ये १८ क्षेत्रे आणि प्रत्येकात २०, अशी ३६० विधाने आहेत. शाळेत ती पुस्तिका असतेच. वर्गशिक्षिका एका मुलाचे मूल्यमापन करताना ताईंना शेजारी बसवा. त्यांनी वेगळे भरावे, शिक्षिकेने वेगळे, आणि फरक पडला त्या विधानांवर बोलावे. फरक बहुधा अशा ठिकाणी पडतो जिथे ताईंनी 'माझ्याजवळ करतो' म्हणून होकार दिलेला असतो. इतरांजवळही करतो का, हा शिक्षिकेचा प्रश्न.

वेळापत्रकात हे पक्के लिहा: आठवड्यातून दोनदा, तीन मुले, २० मिनिटे, वर्गशिक्षिका समोर. त्या वेळात शौचाची किंवा बसची ड्यूटी दुसरीकडे द्या. ही सत्रे बंद पडतात ती एकाच कारणाने: दुसरी मदतनीस गैरहजर असली की सगळ्यात आधी हेच रद्द होते.

---

वहीपान

हा प्रतिसाद छापून शाळेत लावते आहे. शेवटचा प्रश्न: पदविका आणि नोंदणी झाली की त्याच शाळेत पद मिळते ना? ताई तेच गृहीत धरून आहेत.

---

गवतफूल

नाही, आणि हे त्यांना आजच सांगा. मदतनिसाच्या पदाचे शिक्षकपदात आपोआप रूपांतर होत नाही. शिक्षकाचे पद मंजूर आणि रिक्त असावे लागते, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमतक्त्यात, बसावे लागते, जाहिरात व्हावी लागते, निवडीला मान्यता लागते. त्या इतरांबरोबर अर्ज करतील. शाळेने 'आपल्याकडेच घेऊ' असा शब्द देऊ नये.

दारे मात्र वाढली आहेत. सामान्य शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला १० मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले आहे, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशी पदे अधिसूचित करायला सांगितले. सामान्य शाळेत १ली ते ५वीसाठी जायचे तर एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१० च्या अधिसूचनेत बारावी ५० टक्के आणि दोन वर्षांची विशेष शिक्षण पदविका ही अर्हता आहे, सोबत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. टीईटीला १५० पैकी ९० गुण, प्रवर्गाला सवलत, आणि प्रमाणपत्र आता आजन्म चालते. म्हणून पदविकेच्या दुसऱ्या वर्षापासूनच टीईटीचा अभ्यास सुरू केलेला बरा.

---

शंखपुष्पी

नोंदणीच्या वेळी हमखास अडवणारी एक गोष्ट राहिली. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बारावीच्या गुणपत्रिकेत तिसरेच स्पेलिंग. पदविकेचा प्रवेश ज्या नावाने होतो तेच नाव सीआरआर प्रमाणपत्रावर येते. म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधी चौघींची कागदपत्रे एका टेबलावर मांडा. नावात फरक असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच करून घ्या. एनआयओएसला अर्ज करणाऱ्या ताईंचे तर सर्वांत आधी, कारण बारावीच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव छापले गेले की ते दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. नोंदणीचे पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षण, कार्यक्रमांचे गुण लागतात, तेव्हा त्या प्रमाणपत्रांवरही हेच नाव लिहून घ्यायचे.

---

वहीपान

सोमवारी चौघींना कागदपत्रे घेऊन बोलावले आहे. ५८ टक्केवाल्या ताईंच्या रजेचा ठराव पुढच्या बैठकीत ठेवते. दहावीवाल्या ताईंच्या दाखल्यावर आडनावच नाही, फक्त नाव आणि वडिलांचे नाव आहे. त्याला राजपत्र लागेल की प्रतिज्ञापत्र चालेल?

---

शंखपुष्पी

आधी शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याची नोंद काढा. जनरल रजिस्टरमध्ये आडनाव असेल आणि दाखल्यावर उतरवायचे राहिले असेल तर तीच शाळा मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवू शकते. रजिस्टरमध्येही नसेल तर राजपत्र. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर थांबू नका. एका कार्यालयात ते चालते, पुढच्या कार्यालयात परत पाठवतात.