मदत हवी आहे: आईच्या दुधात फॉर्टिफायर मिसळताना उरणारं दूध

बाळ ३० आठवड्यांचं जन्मलं, आता वजन १४८० ग्रॅम. दर २ तासांनी २० मिली माझंच दूध नळीने दिलं जातं. वजन दिवसाला जेमतेम १४-१५ ग्रॅम वाढतंय. डॉक्टरांना किलोमागे किमान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण २२ ग्रॅम हवंय. नुसत्या दुधातलं प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस एवढ्या लहान बाळाला पुरत नाही म्हणून परवापासून फॉर्टिफायर (दुधात मिसळायची पोषक पावडर) सुरू केलंय. पोट मऊ आहे, उलटी नाही. आयर्न, व्हिटॅमिन डी डॉक्टर बघताहेत.

अडचण मापाची आहे. १ ग्रॅमची पुडी २५ मिलीसाठी, बाळाचं फीड २० मिलीचं. दर वेळी ५ मिली टाकून द्यावं लागतं. तेवढं काढायलाही मला खूप वेळ लागतो हो, सिंकमध्ये ओतताना बघवत नाही. पुडी अंदाजाने कमी ओतून पाहिली, पण दूध दाट-पातळ होईल म्हणून सिस्टरांनी थांबवलं, ते पटलं. फॉर्म्युला (डब्याचं दूध) नकोय.

ज्यांच्या बाळाला हे दिलंय त्यांनी सांगा: ४ पुड्या १०० मिलीत एकदम मिसळून फ्रिजमध्ये ठेवून ५ फीडना वापरू दिलं का, आणि जास्तीत जास्त किती तास? उद्याच्या राउंडला डॉक्टरांना विचारणारच आहे, नेमकं काय विचारू?