आनंदी : नाव आणि विशेषण

येत्या रविवारी नौपाड्यात भावाच्या मुलीचं बारसं आहे. आत्या म्हणून तिच्या कानात 'कुर्रर्र' करायचा मान माझा, आणि नाव ठरलंय आनंदी. मोठ्या काकू मात्र अजून तयार नाहीत. "ध चा मा करणारीचं नाव घरात कशाला?" एवढंच म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

'नन्द्' धातूला 'आ' लागून आनंद. नंदा, सुनंदा, नंदिनी, देवळातला नंदी, सगळे याच कुळातले. संस्कृतात 'आनन्दिन्'चं पुल्लिंगी रूप आनन्दी, स्त्रीलिंगी आनन्दिनी. त्या हिशेबानं आनंदी हे मुलाचं नाव व्हायला हवं! मराठीनं मात्र आपल्या वळणानं आनंद मुलाला दिलं, आनंदी मुलीला, आणि विशेषण म्हणून 'आनंदी' दोघांनाही मोकळं ठेवलं. 'आनंदीआनंद'ची तऱ्हा आणखी वेगळी. सणाला तो खरा असतो, पण पसारा बघून आई "काय हा आनंदीआनंद!" म्हणते तेव्हा अर्थ पार उलटलेला असतो.

आता काकूंचा आक्षेप. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, ही कथा एवढी रुजली की 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच झाला. गादी हवी होती त्यांच्या नवऱ्याला, रघुनाथरावांना म्हणजे राघोबादादांना. पुढे 1775 मध्ये सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली तीही त्यांनीच. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर 1774 मध्ये घेतला होता. आज तिथे तुरुंग आहे आणि आपण त्याच्या भिंतीवरून रोज जातो. ठाणेकरांना राग धरायचाच तर दादांवर धरायला हवा. पण रघुनाथ नाव कोणी टाकलं का? आमच्याच घराण्यात दोन रघुनाथ होऊन गेले. नाव विटलं ते फक्त बाईचं, हे मला फार लागतं.

आणि आपल्या जिल्ह्याची दुसरी आनंदी आहे की! कल्याणची यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन गोपाळराव जोशांची आनंदी झाली, 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बावीसही पुरी नसताना गेली. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तीही अल्पायुषीच ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

माझ्या मनातली आनंदी मात्र आजी. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलेलं तिचं सासरचं नाव. या नावाचं ओझं तिच्याकडे पाहून कळलं. शांता रागावली तर चालतं. आनंदी गप्प बसली तर कोणीतरी म्हणणारच, "नाव आनंदी, आणि तोंड बघा!" 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात तसंच. आजीला हे आयुष्यभर ऐकावं लागलं. तिची धाकटी बहीण कळव्याहून यायची आणि दारातूनच माहेरच्या नावानं हाक मारायची. त्या हाकेला आजी जशी वळायची, तशी 'आनंदे' म्हटल्यावर वळताना मी पाहिली नाही.

काल वहिनीला हे सगळं सांगितलं. तिनं पाळण्यावरचा हात न काढता विचारलं, "मग, बदलायचं का?" मी नको म्हटलं. ही आनंदी जन्मापासूनची असेल, कोणाच्या तांदळात लिहिलेली नाही. फक्त ती रडेल, रुसेल तेव्हा घरात कोणीही तिला तिच्या नावाचा अर्थ सांगायचा नाही, हे वहिनीकडून कबूल करून घेतलं. काकूंकडून घ्यायचं बाकी आहे.