एका कार्डावर दोन चिप: गेमिंगसाठी हा मार्ग अजून उरला आहे का?

खटपट्या (धागाकर्ता)

एकाच ग्राफिक्स कार्डावर चित्र घडवणाऱ्या दोन चिप बसवण्याची पद्धत गेमिंगमधून जवळजवळ हद्दपार झाली आहे आणि ती मुळातच चुकीची होती, असे हल्ली सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. २०१२ साली एन्व्हिडिया कंपनीचे जीटीएक्स ६९० हे दुचिप कार्ड आले तेव्हा त्याची किंमत ९९९ डॉलर, म्हणजे एकेका चिपच्या दोन जीटीएक्स ६८० कार्डांइतकीच होती, आणि बऱ्याच गेममध्ये ते त्या जोडीच्या तोडीस तोड चाले. दोन वर्षांनी प्रतिस्पर्धी एएमडीने आर९ २९५एक्स२ हे तसेच कार्ड आणले, तेव्हा त्याच्या ५०० वॉटच्या भुकेची भरपूर टिंगल झाली. आज आरटीएक्स ५०९० हे एका चिपचे कार्ड ५७५ वॉट घेते, २०२५ मध्ये ते आले तेव्हा त्याची जाहीर किंमत १,९९९ डॉलर होती आणि लोकांनी त्यासाठी रांग लावली. शिवाय चिप छापणारे यंत्र एका वेळी सुमारे ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी आकृती छापू शकत नाही, आणि ५०९० ची चिप आताच ७५० च्या घरात आहे. चिप जितकी मोठी, तितकी ती सदोष निघण्याची शक्यताही जास्त. मग दोन मध्यम आकाराच्या चिप एका कार्डावर का नकोत?

अर्धमात्रा

वीज आणि किंमत यांवर धागाकर्त्यांशी माझा वाद नाही, कारण अपयशाचे मूळ तिथे नव्हतेच. ही कार्डे सहसा फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागोमाग उमटणारी चित्रे, आळीपाळीने वाटून घेत: सम फ्रेम एका चिपकडे, विषम दुसरीकडे. त्यामुळे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या वाढे, पण एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ तेवढाच राही. साहजिकच माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब त्या प्रमाणात घटत नसे. त्यातच दोन फ्रेम लागोपाठ आणि तिसरी उशिरा अशी चाल पडली, की मोजणीत ६० फ्रेम दिसत असूनही चित्र अडखळे. ही खोट मोजण्याची साधने आल्यानंतर एएमडीला ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेममधले अंतर सारखे राखणारा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढावा लागला. मेमरीचेही तसेच: २९५एक्स२ च्या खोक्यावर ८ जीबी लिहिलेले असे, पण तोच मजकूर दोन्ही चिपच्या मेमरीत ठेवावा लागत असल्याने गेमच्या वाट्याला ४ जीबीच येत.

तरीही हे सारे दोष सुधारता आले असते. निर्णायक ठरले ते दुसरेच. आजच्या गेममध्ये कडा गुळगुळीत करण्याचे तंत्र असो किंवा एन्व्हिडियाच्या डीएलएसएससारखे कमी तपशिलाचे चित्र मोठे करण्याचे, दोन्ही आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती फ्रेम दुसऱ्या चिपच्या मेमरीत असेल तर तिची वाट पाहावी लागते आणि ती ओढूनही आणावी लागते, म्हणजे काम वाटून घेतल्याचा लाभ तिथेच संपतो. फ्रेम एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात ही या पद्धतीची पूर्वअट होती, आणि ती आता गेमच पाळत नाहीत.

खटपट्या

ही अडचण फ्रेम आळीपाळीने वाटण्याची आहे, दोन चिप असण्याची नव्हे. विंडोजवर गेम आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ या सॉफ्टवेअरने २०१५ पासून गेम घडवणाऱ्यांना दोन्ही चिप स्वतः हाताळण्याची मुभा दिली. ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेममध्ये तर एएमडी आणि एन्व्हिडियाची कार्डे एकत्र चालवून दाखवली गेली. व्हीआरमध्ये (डोळ्यांवर चढवायच्या आभासी जगात) एकेका डोळ्याचे चित्र एकेका चिपकडे सोपवता येते. एवढे असताना ही सोय कोणी मनावर घेतली नाही, तर दोष तंत्राचा कसा?

नाममात्र

मनावर कोण घेणार? खर्च स्टुडिओने करायचा आणि लाभ मूठभर ग्राहकांना. मोठे गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही गेमयंत्रे समोर ठेवून घडवले जातात, आणि त्या यंत्रांत एकच चिप असते. एन्व्हिडियाने २०२१ पासून एसएलआयसाठी, म्हणजे अनेक चिपमध्ये काम वाटण्याच्या आपल्या तंत्रासाठी, नवी ड्रायव्हर प्रोफाइल (प्रत्येक गेमसाठीची तयार मांडणी) देणे बंद करून ती जबाबदारी गेम घडवणाऱ्यांवर ढकलली आणि आरटीएक्स ४०९० वरून तर दोन कार्डे जोडण्याची खाचही काढून टाकली. दुचिप कार्ड याच सॉफ्टवेअरच्या आधारावर उभे असते, हे विसरू नये.

अर्धमात्रा

धागाकर्त्यांचा आकारमर्यादेचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याचे उत्तर कार्डावर नव्हे, चिपच्या आवरणात, म्हणजे एकाच आवरणात अनेक तुकडे जोडून, शोधले जात आहे. २९५एक्स२ मधल्या चिप एकमेकींशी सेकंदाला एका दिशेने जेमतेम १६ जीबी या वेगाने बोलत. अ‍ॅपलच्या २०२२ च्या एम१ अल्ट्रा या चिपमध्ये दोन तुकड्यांमधला जाहीर वेग सेकंदाला २.५ टेराबाइट, म्हणजे सुमारे २,५०० जीबी, आहे, आणि सॉफ्टवेअरला तिथे एकच ग्राफिक्स चिप दिसते. एएमडीने त्याच वर्षी आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डात कॅश (चिपजवळची छोटी वेगवान मेमरी) आणि मेमरी नियंत्रक सहा छोट्या तुकड्यांत वेगळे केले, पण चित्र घडवणारा भाग अखंडच ठेवला. हा सावधपणा मला बोलका वाटतो.

खटपट्या

म्हणजे दोन तुकडे चालतात, फक्त ते जवळ हवेत. मग माझे म्हणणे तरी वेगळे काय होते?

अर्धमात्रा

आपण एका कार्डावर दोन स्वतंत्र चिप मागत होता, प्रत्येकीची मेमरी वेगळी. एम१ अल्ट्रात मेमरी सामाईक आहे आणि कामाची वाटणी गेमला करावी लागत नाही. हा फरक केवळ अंतराचा नाही.

नाममात्र

जुन्या अर्थाचे दुचिप कार्ड आजही निघते, फक्त गेमिंगसाठी नाही. २०२५ मध्ये मॅक्ससन या कंपनीने इंटेलच्या आर्क प्रो बी६० च्या दोन चिप, प्रत्येकी २४ जीबी मेमरीसह, एका कार्डावर बसवून दाखवल्या. संगणकाला ती दोन वेगळी कार्डेच दिसतात आणि मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य पाटीला) एका स्लॉटच्या मार्गिका, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारा, त्या दोघींत विभागून देता याव्या लागतात. एआय मॉडेल दोन मेमरींत वाटून ठेवता येते, म्हणून तिथे ते खपते. आणि कोणाला जुने २९५एक्स२ स्वस्तात मिळत असेल, तर त्या पिढीसाठी एएमडीने नियमित ड्रायव्हर देणे २०२१ मध्येच थांबवले आहे, हे पैसे मोजण्याआधी लक्षात घ्यावे.