मदत हवी आहे: देवराईतल्या कड्यावरची उभी भेग, बोल्ट न मारता लीड (दोर वर नेत पहिल्याने चढणं) कशी करावी?

सड्यावरची

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडे, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या देवराईत ही भेग आहे. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. तिथे गर्दी व्हावी असं गावकऱ्यांना वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

वर सडा (जांभ्याचं सपाट पठार) आहे, सडा संपतो तिथे कडा तुटलेला आहे आणि कड्याचा पाय थेट देवराईत. कडा साधारण वीस मीटरचा असेल. वरचे तीनेक मीटर जांभा, त्याखाली काळा, घट्ट बसाल्ट. सह्याद्रीत उभ्या भेगा पुष्कळ दिसतात, पण बहुतेक मातीने आणि गवताने भरलेल्या, कडा ठिसूळ, हात घातला की कपचा हातात येतो. इथे तसं नाही. दोन्ही भिंती समांतर, आत स्वच्छ, टकटक केलं तर कुठेही पोकळ आवाज नाही. पहिला टप्पा सरळ उभा आहे, मधला जरा अंगावर आलेला. पायथ्याशी टेप लावून मोजलं तर रुंदी साडेचार सेंटिमीटर भरते, डोक्याच्या उंचीवर सहा. त्यावरचं दुर्बिणीतून पाहिलंय, जांभ्याच्या खाली ती आठ-नऊपर्यंत उघडत असावी.

माझं आजवरचं क्लाइंबिंग नागफणी, तैलबैला, लिंगाणा या वळणाचं. खोबणी पकडायची, पायऱ्या शोधायच्या, जुने बोल्ट तपासून दोर अडकवायचा. भेगेत हात अडकवून त्यावर अंग तोलायचं काम फक्त लहान खडकांवर केलंय. माझ्यासोबत मावसभाऊ असतो. त्याचा पंजा मोठा, त्यामुळे सहा सेंटिमीटरला त्याचा हात आवळून बसतो. माझा हात तिथे नुसता खुळखुळतो. अंगठा तळव्यात दुमडून स्नायू फुगवला तरी दोन्ही बाजूंना नीट टेकत नाही. तरीही लीड मलाच करायची आहे. इतकी वर्षं कड्यांवर घालवल्यावर घरापासून इतक्या जवळ अशी रेष सापडावी, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

आता अट सांगते, कारण खरा प्रश्न त्यातूनच येतो. आम्ही आधी गावच्या मानकऱ्यांना भेटलो. गावकीच्या बैठकीत विषय निघाला, गुरवमामांनी देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि परवानगी मिळाली. पण गुरवमामांनी स्पष्ट सांगितलं, "हितली काडी पन कोन उचलत नाय. झाडाला दोर नको, दगडात लोखंड नको." वनखात्याकडेही चौकशी केली. जमीन राखीव जंगलात येत नाही, देवस्थानची आहे.

म्हणजे बोल्ट नाही, मेख नाही, देवराईतल्या झाडाचा अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) नाही. कड्याच्या डोक्यावर फक्त जांभा आणि करवंदीच्या जाळ्या. तिथे कॅम (भेगेत उघडून घट्ट बसणारं स्प्रिंगचं साधन) लावावा असं मला अजिबात वाटत नाही. बोटाने कुरतडलं तरी भुगा निघतो.

माझ्याकडे ब्लॅक डायमंड कंपनीच्या कॅमलॉट या कॅमचे नंबर १ आणि २ दोन-दोन आहेत, ३ एकच, चोकनटचा (भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरांचा) एक सेट, लांब-आखूड स्लिंग (पट्टीचे फास). एवढ्यात भागेल का? वरचा अँकर कुठे करायचा? आणि माझ्या मापाच्या हाताने मधला अंगावर आलेला भाग कसा काढायचा? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

दोरखंड

पहिल्यांदा तुमचं अभिनंदन करतो. आधी गाव आणि मग कडा हा क्रम पाळणारे लोक कमी आहेत.

हातापासून सुरू करू. साडेचारला तुमचा हात नेहमीसारखा बसेल: बोटं सरळ आत, अंगठा तळव्यात, बुडाचा स्नायू फुगवायचा. सहाला तुम्हाला हाताची वाटी करावी लागेल. बोटं मुळांशी वाकवा, म्हणजे बोटांची टोकं आणि तळव्याचं बूड एका भिंतीवर टेकतील आणि बोटांच्या मुळांची हाडं दुसऱ्या भिंतीवर. अंगठा तळव्यात न घेता तर्जनीच्या कडेला घट्ट दाबा, वाटी मोडत नाही. हा जॅम (असा अडकवलेला हात) मनगटाच्या वर दमवतो, त्यामुळे त्यावर उभं राहून विचार करत बसू नका. पुढे साडेसात-आठला तुमची मूठ बसायला लागेल. मूठ आडवी आत घालून आवळली की आराम मिळतो. वाटीचा टप्पा भराभर ओलांडून मुठीच्या टप्प्यावर दम खा.

आता पाय. हाताला मोठी वाटणारी भेग पायाला फार चांगली असते. गुडघा बाहेर फेकून तळवा उभा करा, बुटाचा पुढचा भाग आत सारा आणि मग गुडघा भेगेच्या रेषेत आणा. पाय पिळला जातो आणि अडकतो. सहा सेंटिमीटरला तुमचा पाय शिडीच्या पायरीवर ठेवल्यासारखा बसेल. हात सरळ ठेवा, कोपर वाकवून लोंबकळू नका. अंगावर आलेल्या भागात लोकांचे हात सुटतात ते जॅम निसटल्यामुळे नाही, पाय पिळायला विसरल्यामुळे.

बूट सैल घ्या. बोटं चुंबळून बसवणारे घट्ट बूट भेगेत पिळले की पायाचे हाल होतात. हाताच्या पाठीवर चिकटपट्टीचे मोजे करून घ्या, बसाल्ट सोलून काढतो.

जांभा

मी भूशास्त्र शिकवतो, क्लाइंबिंग फार पूर्वी केलंय. एक गोष्ट तुमच्या धाग्यात आलेली नाही: पाणी.

जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस तो पिऊन घेतो. त्याच्या बुडाशी बहुतेक ठिकाणी चिकण मातीचा थर असतो, तिथे ते पाणी अडतं आणि आडवं चालत कड्याशी बाहेर येतं. आपल्याकडचे कितीतरी झरे असेच जांभ्याच्या पायाशी फुटतात, आणि देवराया पाण्याजवळ असतात त्याचं एक कारण हेही आहे. तुमची भेग बरोबर त्या थराखाली सुरू होते. म्हणजे पाऊस सप्टेंबरात संपला तरी भेगेत पाझर पुढे कित्येक आठवडे राहणार. बाहेरून कोरडी दिसेल आणि आतून ओली असेल.

बॅटरी मारून आत बघा. शेवाळाचा हिरवा किंवा मातीचा तांबूस पट्टा ओघळलेला दिसला तर समजा की तिथे पाणी येतं. जानेवारीच्या शेवटी एकदा आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा बघून ठरवा. शिमग्यानंतर ऊन इतकं चढतं की काळ्या दगडाला हात लावता येत नाही, त्यामुळे हाताशी खरा काळ थोडाच आहे.

आणखी एक. सड्यावर अँकरची दोरी पसरण्याआधी जमीन नीट न्याहाळा. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि बरीचशी माती-गवताखाली अर्धी झाकलेली असतात. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यावरून दोर घासत नेणं किंवा दगड हलवणं नको.

दोरखंड

पाण्याचा मुद्दा प्रोटेक्शनसाठीही (पडल्यावर धरणाऱ्या साधनांसाठीही) महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच पुढे लिहितो.

कॅम घर्षणावर टिकतो. त्याच्यावर जेवढा भार पडतो, त्याच्या साधारण दुप्पट जोराने तो प्रत्येक भिंतीला बाहेर ढकलतो. कोरड्या बसाल्टला हे चालतं. भिंत बुळबुळीत असेल तर कॅम नीट बसलेला दिसूनही सरकतो, आणि जांभ्यात तो भिंतच फोडतो. तेव्हा जांभ्यात कॅम लावायचा नाही हा तुमचा निर्णय पक्का ठेवा.

नंबर २ साधारण ३७ ते ६५ मिलिमीटरला चालतो, नंबर ३ साधारण ५१ ते ८८. सहा सेंटिमीटरला २ आत जाईल, पण जवळजवळ पूर्ण उघडलेला असेल. तिथे ३ हवा. वरच्या आठ-नऊला तर ३ सुद्धा टोकाला येतो, तिथे नंबर ४ लागेल. म्हणजे तुमच्याकडे खालच्या भागाचं सामान भरपूर आहे आणि जिथे पडण्याची शक्यता जास्त तिथे एकच कॅम. आणखी दोन नंबर ३ आणि एक ४ मिळवा. मोठे हेक्स (षटकोनी चोकनट) मिळाले तर फारच चांगलं. भेग जिथे खाली निमुळती होते अशा जागी हेक्स घर्षणावर नाही, आकारावर अडकतो.

पहिला कॅम जमिनीवर उभं राहूनच लावा, दुसरा त्यापासून मीटरभरावर. खालच्या सहा-सात मीटरमध्ये अंतर वाढवलं तर दोर असूनही जमीन गाठता येते. कॅमचा दांडा खाली, म्हणजे ओढ ज्या दिशेने येणार तिकडे. प्रत्येकाला लांब स्लिंग जोडा. दोराच्या हालचालीने कॅम आत चालत गेला की तो निघत नाही, आणि गावाला दिलेल्या शब्दाप्रमाणे तुम्हाला तिथे काहीच मागे सोडता येणार नाही.

अँकरसाठी एक विचार. सड्यावर मागे कुणाची आमराई आहे का? देवराईच्या हद्दीबाहेर?

सड्यावरची

आहे! कड्यापासून तीसेक मीटर मागे एक बाग आहे. कलमं लहान आहेत, पण गडग्याला लागून दोन जुने रायवळ आंबे आहेत, दोघांचे बुंधे एका माणसाच्या कवेत न मावणारे. बागेचे मालक ओळखीचे आहेत, त्यांना विचारते.

जांभावाले सर, तांबूस ओघळ आहे, भेगेच्या वरच्या तिसऱ्या भागात, डाव्या भिंतीवर. मी तो गंज समजून सोडून दिला होता. आता नीट बघेन.

दोरखंड

मग प्रश्न सुटला. मालक हो म्हणाले की साठ मीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर घ्या. दोन्ही बुंध्यांना पोती गुंडाळा, त्यावरून रुंद स्लिंग, आणि दोन्ही झाडांवर भार सारखा येईल असा अँकर. दोर जांभ्याच्या धारेवरून खाली जाणार, तिथे जाड गोणपाट किंवा जुना रबरी पाइप चिरून घाला. जांभ्याची धार करवतीसारखी दोर कापते. दोराचं टोक धारेवर न ठेवता जांभ्याच्या खाली, बसाल्ट सुरू होतो तिथपर्यंत सोडा.

या एका दोरावर तीन कामं होतात. आधी तो पायथ्यापर्यंत सोडून त्यावरून रॅपल करून (दोरावरून उतरून) भेगेची पूर्ण पाहणी, रुंदी मोजून कागदावर. मग टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) चढाई, जोवर अंगावर आलेला भाग न थांबता निघत नाही तोवर. आणि लीडच्या दिवशी तुम्ही बसाल्टच्या माथ्यावर पोचलात की जांभ्यात हात न घालता लोंबत्या टोकात स्वतःला अडकवायचं. तिथूनच बिले देऊन (दोर सांभाळून) भावाला वर घ्या, तो येताना सगळे कॅम काढत येईल. मग दोघं एकेक करून जुमारने (दोरावर चढायच्या पकडीने) सड्यावर. दगडात काही राहत नाही, देवराईच्या झाडाला काही लागत नाही.

भाऊ खाली बिले देताना रेषेच्या थेट खाली उभा नको. जांभ्याचे खडे सुटणारच. हेल्मेट दोघांनाही.

रानपाखरू

क्लाइंबिंग मला येत नाही, पण याच पट्ट्यात पक्षी बघत फिरते म्हणून लिहितेय. कड्यावर आग्या मोहोळ आहे का? जांभ्याच्या पुढे आलेल्या ओठाखाली ती हमखास बसतात. दरवर्षी त्याच जागेवर परत येतात, त्यामुळे आज रिकामी दिसली तरी मेणाचा जुना पट्टा असेल तर ती जागा त्यांचीच समजा. पाऊस संपल्यावर येतात आणि बहुधा उन्हाळाभर राहतात, म्हणजे नेमक्या तुमच्या कोरड्या दिवसांत. त्याच कड्यावर माश्या बसलेल्या असतील तर त्या वर्षी चढाई नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

भेगेत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी बॅटरी मारा. वटवाघळं असतील तर त्यांना राहू द्या. आपल्या सड्यांवर फुरसं आणि लाल विंचू दोन्ही भरपूर. फुरशाचं विष आपल्याकडच्या नेहमीच्या प्रतिविषाने उतरतं, पण वेळेत दवाखाना गाठावा लागतो. विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तेव्हापासून कोकणात कितीतरी जीव वाचले. जवळच्या आरोग्य केंद्रात या दोन्ही गोष्टी आहेत का, हे आधी जाऊन विचारून या. आणि १०८ ची गाडी कुठपर्यंत येते तेही.

सड्यावरची

रानपाखरू ताई, भेगेच्या उजवीकडे मेणाचा काळा पट्टा आहे, सध्या माश्या नाहीत. प्रत्येक फेरीत सकाळी आधी तिथे दुर्बीण लावू. माश्या आल्या तर यंदा थांबू, भेग कुठे जात नाही.

बागेच्या मालकांचा होकार आला. त्यांनी एवढंच सांगितलं की मोहोर आलाय, फांद्यांना धक्का लागता कामा नये. गुरवमामांनाही सड्यावरून दोर सोडणार असल्याचं सांगून आले. कड्याच्या पायाशी चढाईचे बूट घालू का हेही विचारलं, कारण देवराईत सगळे अनवाणी जातात. ते म्हणाले, दगडाला लागल्यावर घाला, जमिनीवर नको. तेव्हा कड्यापर्यंत अनवाणी.

दोरखंड दादा, तुमच्या सूचनेप्रमाणे आधी पाहणी आणि टॉप रोप. लीडचं भेग आतून कोरडी निघाल्यावरच ठरवेन.

आता उरला सामानाचा प्रश्न. चिपळूण, दापोली किंवा रत्नागिरीकडे कुणाकडे कॅमलॉट नंबर ३ चे दोन, नंबर ४ चा एक किंवा मोठे हेक्स असतील आणि फेब्रुवारीत आठवडाभर देता येणार असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खारी हवा आहे, त्यामुळे परत करताना गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पात्यांच्या आसाला वंगण घालून देईन.