फलकासाठी शब्द हवा: अनुकूलन, सहजीवन की आणखी काही?

खाडीकाठ: ठाणे खाडीलगतच्या एका फलकाचा मजकूर मराठीत करतोय. वाक्य असं झालंय: 'ताणाशी अनुकूलन साधलेल्या जातीमुळे प्रतिस्पर्धी जातींचे सहजीवन बदलते.' ताण म्हणजे खारेपणा, कोरडं पडणं वगैरे. आईनं वाचून विचारलं, लग्न कुणाचं आहे? काही सुचवा.

पूर्णविराम: सहजीवन नकोच. जीवशास्त्रात ते एकमेकांवर विसंबून राहणाऱ्यांसाठी वापरतात. दगडफुलात बुरशी आणि शैवाल असतात तसे. इथे तर चढाओढ आहे. 'सहअस्तित्व' घ्या. अनुकूलन शाळेच्या पुस्तकातलंच, ते राहू द्या.

माधवी_दादर: अनुकूलन म्हटलं की मला वातानुकूलित लोकल आठवते. तिथे आपल्यासाठी हवा बदलतात, इथे झाडच बदलतंय. अर्थ उलटा! 'तग धरणे' काय वाईट आहे?

पूर्णविराम: तग धरणं हा परिणाम झाला. खारफुटीतली दोन झाडं बघा: तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं, कांदळ ते मुळांशीच बरंचसं अडवतं, ही पिढ्यान् पिढ्या घडलेली रचना आहे. शिवाय कूल म्हणजे काठ. अनुकूल, काठाकाठानं जाणारं! खाडीच्या फलकाला आणखी काय हवं?

माधवी_दादर: व्युत्पत्तीसाठी फलक वाचत नाही कुणी.

बाईंचा_वर्ग: आधी काय म्हणायचंय ते ठरवा. जोसेफ कॉनेलचा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या दोन जातींच्या बार्नकलांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या जिवांचा, अभ्यास आहे, १९६१चा. छोटा कोरडं सोसतो म्हणून खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहतो. खाली दांडगा, तो छोट्याला झाकतो, उचकटून काढतो. दांडगा हटवला तर छोटा खालीही छान जगला. उद्या दांडगाही कोरडं सोसायला लागला तर छोट्यानं जायचं कुठे? दोघांच्या सोसण्यात फरक आहे म्हणून दोघंही आहेत. तुमचं 'बदलते' फार मोघम आहे. 'टिकते किंवा मोडते' लिहा.

पूर्णविराम: सहअस्तित्व मोडतं? संसार मोडतो हो.

माधवी_दादर: मग 'एकत्र नांदणे' लिहा की सरळ.

पूर्णविराम: नांदण्यात सलोखा आला.

माधवी_दादर: नांदायला गेलेल्यांना विचारून बघा एकदा!

भांडुपकर: मुंबईत कांदळ थोडं, बहुतेक सगळी तिवरंच. तरी सरकारदरबारी सगळंच 'कांदळवन'. आधी ते सुधारा.

बाईंचा_वर्ग: कांदळवन आता सगळ्या खारफुटीसाठी रुळलंय. असू द्या.

भांडुपकर: रुळलं म्हणून बरोबर होतं का, बाई?

खाडीकाठ: मंडळी, फलक मंगळवारी छापायला जातोय.

भांडुपकर: मग त्यावर तो तिवर लिहिताय की ते तिवर?